नाचायला मनाई आहे: जॅझची गोष्ट

आजच्या भागाचा विषय आहे जॅझ.

जॅझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मंद दिवे, महागडं रेस्टॉरंट, कोपऱ्यात सॅक्सोफोन वाजवणारा माणूस आणि समोर शांत बसून मान डोलावणारे चार जाणकार. आपल्यातले बरेच जण तर अभ्यासाला बसताना मागे जॅझची प्लेलिस्ट लावून ठेवतात. म्हणजे हे खुर्चीत बसून ऐकायचं संगीत, अशी आपली समजूत पक्की झालेली आहे.

आज या समजुतीला जरा धक्का द्यायचाय. जन्मापासून पुढची निदान चाळीस वर्षं जॅझ हे नाचायचं संगीत होतं. समोर पाय थिरकत नसतील, तर वाजवणाऱ्याला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायचं. मग हे संगीत खुर्चीत जाऊन बसलं कसं? त्याचं अर्धं उत्तर कलेत आहे आणि अर्धं कायद्याच्या पुस्तकात. कुणाला, कुठे, कुणाबरोबर नाचू द्यायचं हे सरकारं ठरवत गेली आणि प्रत्येक मनाईनंतर हे संगीत बदलत गेलं. आज आपण त्या मनायांच्या मागोमाग चालत जाऊया.

ढोल गेले, पाय राहिले

सुरुवात करूया १७३९ पासून. ठिकाण, अमेरिकेतली साउथ कॅरोलायना ही ब्रिटिश वसाहत. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी स्टोनो नदीजवळ बंड केलं. ढोल वाजवत ते निघाले, वाटेत आणखी माणसं येऊन मिळाली. बंड चिरडलं गेलं. पण मालक मंडळी एक गोष्ट शिकली, की ढोलाचा आवाज माणसं गोळा करतो. १७४० मध्ये तिथे नवा कायदा आला. त्यात गुलामांना ढोल आणि शिंगं वाजवायला बंदी घातली.

आता विचार करा. ज्या समाजात जन्म, लग्न, मरण सगळं ढोलावर चालतं, त्याचा ढोलच काढून घेतला. मग त्यांनी काय केलं? अंगाचाच ढोल केला. मांडीवर थाप, छातीवर थाप, टाळी, टाचेचा ठोका, चवड्याचा ठोका. या प्रकाराला जूबा म्हणत. प्रार्थनेच्या वेळी गोल करून, पाय जमिनीवर घासत फिरायचं, त्याला रिंग शाउट म्हणत. चर्चला नाच चालत नव्हता, म्हणून पाय एकमेकांवरून न्यायचे नाहीत, असा नियम त्यांनी स्वतःच पाळला. पाय ओलांडले नाहीत म्हणजे तो नाच नव्हे! नियमातून वाट काढायची ही हुशारी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

मळ्यांवर आणखी एक गंमत चालायची. मालक-मालकीणबाई मेजवानीला ऐटीत, छाती काढून, हातात हात घालून चालायच्या. गुलाम त्या चालीची नक्कल करायचे. मालकांनाही ते बघायला आवडायचं, आपलीच टर उडवली जातेय हे अनेकांच्या ध्यानातही यायचं नाही. उत्तम जोडीला बक्षीस म्हणून केक. त्यावरून नाव पडलं केकवॉक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच केकवॉक गोऱ्या लोकांत फॅशन झाला. म्हणजे गोऱ्यांची नक्कल काळ्यांनी केली आणि त्या नकलेची नक्कल पुन्हा गोऱ्यांनी केली. आपलीच टिंगल आपण पैसे देऊन शिकतोय, हे किती जणांना कळलं असेल?

रविवारचं मैदान

आता न्यू ऑर्लिन्सला जाऊया. मिसिसिपी नदीकाठचं हे बंदर १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवलं, मग ते स्पेनकडे गेलं आणि १८०३ मध्ये अमेरिकेने लुइझियाना विकत घेतलं तेव्हा त्यात आलं. इथे कॅथलिक कायद्याने रविवारी गुलामांना कामातून सुट्टी होती. रविवारी ते बाजार भरवायचे, गायचे, नाचायचे. १८१७ मध्ये नगरपालिकेने नियम केला, की हे जमाव आता महापौर ठरवेल त्याच जागी भरतील. ती जागा शहराच्या मागच्या अंगाला होती. पुढे तिला काँगो स्क्वेअर हे नाव पडलं.

१८१९ मध्ये बेंजामिन लट्रोब नावाचा वास्तुविशारद तिथे पोचला. त्याच्या रोजनिशीत पाच-सहाशे माणसांच्या जमावाची नोंद आहे. माणसं गोल करून उभी, मध्ये नाचणारे, ढोलावर मांड ठोकून बसलेला वादक, भोपळ्याचं तंतुवाद्य. लट्रोबला हे सगळं रानटी आणि कंटाळवाणं वाटलं, तसं त्याने लिहूनही ठेवलं. पण आपल्या दृष्टीने त्याची नोंद मोलाची आहे. इतरत्र ढोलांवर बंदी असताना या एका मैदानात आफ्रिकी ताल आणि आफ्रिकी पाय उघडपणे एकत्र नांदत होते.

इथे नाचणारा आणि वाजवणारा वेगळे नव्हतेच. आपल्याकडे फडावर ढोलकीवाला आणि नाचणारी यांची जुगलबंदी बघितलीय ना? ती पायाने प्रश्न टाकते, तो थापेने उत्तर देतो. कोण कुणाच्या मागे चाललंय, सांगता येत नाही. काँगो स्क्वेअरमधलं नातं काहीसं असंच होतं.

एक, दोन, तीन, चार

आता एक छोटा प्रयोग करा. बसमध्ये असाल तर मनातल्या मनात. एक, दोन, तीन, चार असं सारख्या लयीत मोजा. आधी टाळी एक आणि तीनवर द्या. झाली लष्करी बँडची कवायत. आता तीच टाळी दोन आणि चारवर द्या. कंबर आपोआप हलली की नाही? त्यापुढे आणखी एक करा. प्रत्येक मात्रेचे दोन तुकडे पाडा, पहिला थोडा लांब, दुसरा आखूड. घोड्याच्या दुडक्या चालीसारखं काहीतरी ऐकू येईल. याच झोक्याला पुढे स्विंग म्हणू लागले.

हे सगळं एकत्र यायला मात्र एक वाईट घटना कारण ठरली. न्यू ऑर्लिन्समध्ये क्रिओल नावाचा समाज होता. मिश्र वंशाचा, फ्रेंच बोलणारा, बराचसा स्वतंत्र. त्यांची मुलं व्हायोलिन, क्लॅरिनेट शिकायची, नोटेशन वाचायची. ते स्वतःला मजूर वस्तीतल्या काळ्यांपासून वेगळं समजायचे. १८९२ मध्ये याच समाजातला होमर प्लेसी मुद्दाम गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात जाऊन बसला. त्याला अटक झाली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ मध्ये निकाल लागला, की वेगळे डबे ठेवणं कायदेशीर आहे. कायद्यापुढे क्रिओल आणि काळा असा फरक आता उरला नाही. दोघांनाही दार बंद.

अपमान मोठा होता. पण बँडमध्ये आता दोन प्रकारचे वादक शेजारी-शेजारी बसू लागले. एक कागद वाचून वाजवणारा, दुसरा कानाने उचलून मनाने वाढवणारा. सिडनी बेशे आणि जेली रोल मॉर्टन हे पुढचे मोठे कलाकार क्रिओल घरांतलेच. मॉर्टन तर जॅझचा शोध आपणच लावला असं सांगत फिरायचा!

शोध कुणा एकाचा नव्हता, पण सुरुवातीचं एक नाव सगळे घेतात, ते बडी बोल्डनचं. जन्म १८७७. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटची धाकटी बहीण, वाजवायचा. वस्तीतल्या हॉलमध्ये, बागांमध्ये, नाचाच्या रात्री वाजवायचा. नाचणाऱ्यांना जवळ जवळ, सावकाश नाचायचं असेल तर तो ब्लूज काढायचा. त्याच्या वाजवण्याची एकही रेकॉर्ड आज सापडत नाही. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवलं, तिथेच १९३१ मध्ये तो वारला. ज्याच्यापासून जॅझ सुरू झालं असं म्हणतात, त्याचा एक सूरही आपल्याला ऐकता येत नाही.

पण एक गोष्ट आजही जिवंत आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रेला बँड असतो. दफनभूमीकडे जाताना संथ, रडवेलं वाजवतात. माणसाला निरोप दिला की परतताना तोच बँड उसळत्या चालीवर येतो आणि मागे छत्र्या, रुमाल उडवत लोक नाचत निघतात. बँडची पहिली रांग, नाचणाऱ्यांची दुसरी. त्या दुसऱ्या रांगेला तिथे सेकंड लाइन म्हणतात. मिरवणुकीत बँडच्या मागे नाचलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहिली रेकॉर्ड कुणाची?

२६ फेब्रुवारी १९१७ ला व्हिक्टर कंपनीने न्यूयॉर्कमध्ये एक रेकॉर्डिंग केलं. बँडचं नाव ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड. जॅझची बाजारात आलेली पहिली रेकॉर्ड हीच मानतात. वाजवणारे पाच जण न्यू ऑर्लिन्सचे होते आणि पाचही गोरे होते. नावात वर ‘ओरिजिनल’!

ते वाईट वादक नव्हते. पण रेकॉर्डच्या दुकानात इतिहास त्यांच्यापासून सुरू झाला आणि बोल्डनसारखे लोक त्याआधीच विस्मरणात गेले. जो आधी छापला जातो तो पहिला ठरतो, हे आपण सोशल मीडियावर रोज बघतो.

याच काळात दक्षिणेतली लाखो काळी माणसं शेती आणि दहशत मागे टाकून शिकागो, न्यूयॉर्कसारख्या उत्तरेकडच्या शहरांत निघाली. संगीतही त्यांच्याबरोबर गाडीत बसलं. १९२२ मध्ये एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये वाजवायला शिकागोला पोचला. बँडमधला एक वादक पुढे येऊन एकट्याने काय करू शकतो, हे त्याने जगाला दाखवलं. आणि १९२३ मध्ये ब्रॉडवेच्या रनिन वाइल्ड या नाटकातून चार्ल्सटन नाच देशभर पसरला. संगीत होतं पियानोवादक जेम्स पी. जॉन्सनचं.

सॅव्हॉयची फरशी

आता या गोष्टीतली माझी सगळ्यात आवडती जागा. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, लेनॉक्स अव्हेन्यूवर, मार्च १९२६ मध्ये सॅव्हॉय बॉलरूम उघडली. एक अख्खा ब्लॉक भरेल एवढी लांब. बँडसाठी दोन स्टेज, म्हणजे एक थांबला की लगेच दुसरा सुरू. संगीत तुटायलाच नको. आणि मुख्य म्हणजे इथे काळे-गोरे एकाच फरशीवर नाचायचे. जवळच्याच कॉटन क्लबमध्ये ड्यूक एलिंग्टनसारखा काळा कलाकार वाजवायचा, पण काळ्यांना प्रेक्षक म्हणून जागा नव्हती. सॅव्हॉयमध्ये तुमचा रंग कुणी विचारत नसे, तुम्हाला नाचता येतं का एवढंच बघायचे.

तिथला नाच लिंडी हॉप. जोडीने धरून नाचायचं, मग हात सोडून दोघांनी आपापलं काहीतरी सुचवायचं, पुन्हा धरायचं. म्हणजे बँड जे करत होता तेच. सगळे मिळून एक धून, मग एकट्याची भरारी, मग परत सगळे.

इथला राजा होता ड्रमवादक चिक वेब. लहानपणीच्या मणक्याच्या क्षयाने पाठीला कुबड आलेलं, उंची बेताची. पण त्याचा ठेका आख्खा हॉल हलवायचा. ११ मे १९३७ ला त्याचा सामना बेनी गुडमनच्या बँडशी झाला. गुडमन गोरा, देशभर प्रसिद्ध, ‘किंग ऑफ स्विंग’ म्हणून ओळखला जाणारा. हजारो लोक आत, त्याहून जास्त रस्त्यावर. निकाल नाचणाऱ्यांनी दिला आणि वेब जिंकला. गुडमनचा ड्रमवादक जीन क्रुपा याने वेबसमोर चक्क मान झुकवली.

याच फरशीवर फ्रँकी मॅनिंग नावाचा तरुण नाचायचा. १९३५ मधल्या एका स्पर्धेत त्याने जोडीदार फ्रिडा वॉशिंग्टनला पाठीवरून उलटं फिरवून पलीकडे उतरवलं. लिंडी हॉपमधली ही पहिली हवेतली उडी मानतात. मॅनिंग पुढे सांगायचा, की फ्रिडाचे पाय जमिनीला लागले त्याच क्षणी चिक वेबने ठोका दिला. आधी काही ठरलेलं नव्हतं. वेब पायांकडे बघून वाजवत होता.

हे एकट्या वेबचं नव्हतं. काउंट बेसीच्या बँडचा ड्रमवादक जो जोन्स स्वतः टॅप डान्स करायचा. जुन्या मळ्यांवर ढोलाऐवजी आलेले ते टाचा-चवड्यांचे ठोके आता पुन्हा ड्रमवर पोचले होते. चक्र पूर्ण झालं होतं.

तीस टक्के

मग ते मोडलं कसं?

दुसरं महायुद्ध आलं. तरुण वादक सैन्यात गेले. पेट्रोल आणि टायर मिळेनात, मग पंधरा माणसांचा बँड बसने गावोगाव कसा जाणार? १९४३ मध्ये सॅव्हॉयलाच प्रशासनाने काही महिने कुलूप ठोकलं. आरोप अनैतिक धंद्यांचा होता, पण खरं दुखणं काळे-गोरे एकत्र नाचतात हे आहे, असं हार्लेममध्ये उघड बोललं जायचं.

आणि १ एप्रिल १९४४ पासून एक कर लागला. ज्या जागी खाण्यापिण्याबरोबर गाणं किंवा नाच असेल, तिथल्या बिलावर तीस टक्के. काही महिन्यांनी तो वीस टक्क्यांवर आला, तरी ओझं मोठंच होतं. पण एक पळवाट होती. फक्त वाद्यसंगीत असेल, कुणी गात नसेल, कुणी नाचत नसेल, तर हा कर नाही. क्लबमालकाचं गणित सोपं झालं. टेबलं वाढवा, चार-पाच वादक बसवा आणि भिंतीवर पाटी लावा: नाचायला मनाई आहे.

न्यूयॉर्कमध्ये तर १९२६ पासूनच, म्हणजे सॅव्हॉय उघडली त्याच वर्षापासून, नाचासाठी वेगळा परवाना लागायचा. तो कायदा कधी रद्द झाला माहितीये? २०१७ मध्ये! पुढे वादकांनाही ओळखपत्र सक्तीचं केलं. ते काढून घेतल्यामुळे बिली हॉलिडे आणि थेलोनियस मंक यांना शहरातल्या क्लबांत कित्येक वर्षं काम करता आलं नाही.

आता सगळं खापर करावर फोडायचं का? नाही. त्याच काळात हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये मंक, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर, केनी क्लार्क रात्री उशिरापर्यंत काहीतरी नवं शोधत होते. रोज तीच लोकप्रिय गाणी वाजवून ते कंटाळले होते. आम्ही करमणूक करणारे नोकर नाही, कलाकार आहोत, आम्हाला ऐका, असा त्यात स्वाभिमान होता. त्यातून बीबॉप आलं. वेगवान, तिरकं, अवघड. कलावंतांना ज्या दिशेला जायचं होतं, त्याच दिशेला कायद्यानेही दार उघडलं. पाठीमागचं, फरशीकडचं दार मात्र बंद झालं. तरुण नाचणारे रिदम अँड ब्लूजकडे आणि मग रॉक अँड रोलकडे गेले. १९५८ मध्ये सॅव्हॉय कायमची बंद झाली आणि इमारत पाडली गेली.

‘जॅझ डान्स’ हे नाव पुढे स्टुडिओत गेलं. जॅक कोल या नृत्यदिग्दर्शकाने तर भरतनाट्यम शिकून त्याच्या हालचाली स्विंगच्या तालावर बसवल्या होत्या! मेरिलिन मन्रोला पडद्यावर नाचवणारा तो हाच. आज मुंबई-पुण्याच्या क्लासमध्ये ‘जॅझ’ म्हणून जे शिकवतात, ते या स्टुडिओच्या शाखेचं आहे. त्याच्यामागे जॅझ संगीत वाजेलच असं नाही.

आपल्याकडची फांदी

मुंबईचा विषय निघालाच आहे, तर एक फांदी आपल्याकडेही आली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या काळ्या अमेरिकी कलाकाराचा बँड मुंबईच्या ताज हॉटेलात वाजवायला आला. अशा बँडकडून ही भाषा उचलली ती गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत ते नोटेशन शिकलेलेच होते. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवायचे. चिक चॉकलेट या नावाने ते ओळखले जायचे, लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

आणि इथेही कायदा आडवा आला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. हॉटेलांचा रात्रीचा धंदा बसला, बँडवाल्यांचं काम आटलं. अनेकांनी सिनेमाच्या स्टुडिओचा रस्ता धरला. अमेरिकेत कायद्याने जॅझला खुर्चीत बसवलं, मुंबईत कायद्याने त्याला पडद्यावर ढकललं. आणि तिथे काय झालं? १९५१ चा ‘अलबेला’. संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र, त्यांच्या साथीला चिक चॉकलेट आणि पडद्यावर गिरणी कामगाराचा मुलगा, आपले भगवानदादा. ना उड्या, ना कसरत. खांदे सैल, पाय जमिनीलगत, चेहऱ्यावर मजा. ती स्टेप वरातीत आजही दिसते आणि नाचणाऱ्याला तिच्यामागे हार्लेम, गोवा आणि परळ उभे आहेत याचा पत्ताही नसतो.

टपाल खात्यातला माणूस

शेवटी फ्रँकी मॅनिंगकडे जाऊया. १९४१ च्या ‘हेल्झापॉपिन’ सिनेमात त्याचा चमू काही मिनिटं नाचतो. यूट्यूबवर नक्की बघा, आणि त्यांचे कपडेही बघा. स्वयंपाकी, मोलकरीण, मेकॅनिक. जगातले त्या काळचे सर्वोत्तम नाचणारे, पण पडद्यावर यायला नोकराचाच वेश लागला.

युद्धानंतर लिंडी हॉपला मागणी उरली नाही. मॅनिंगने टपाल खात्यात नोकरी धरली आणि तीस वर्षांहून जास्त केली. १९८० च्या दशकात स्वीडन आणि कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी जुन्या फिल्म बघून या माणसाला शोधून काढलं. सत्तरी ओलांडलेला मॅनिंग पुन्हा शिकवू लागला. १९८९ मध्ये ब्रॉडवेवरच्या ‘ब्लॅक अँड ब्लू’साठी त्याला इतर तिघांबरोबर टोनी पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये, पंचाण्णवावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, तो गेला. २६ मे हा त्याचा जन्मदिवस आज जगभर लिंडी हॉप दिवस म्हणून नाचून साजरा होतो.

बोल्डनचा सूर कुणी जपला नाही, तो गेला. मॅनिंगची पावलं त्याच्या अंगात राहिली, म्हणून ती दुसऱ्यांच्या अंगात जाऊ शकली. कायद्याने ढोल जप्त करता येतात, हॉलला कुलूप ठोकता येतं, पाटी लावता येते. अंगात मुरलेला ताल जप्त करता येत नाही, पण तो पुढच्या माणसाला दिला नाही तर त्याच्याबरोबरच जातो.

तेव्हा पुढच्या वेळी ती अभ्यासाची प्लेलिस्ट लावाल, तेव्हा पाच मिनिटं पुस्तक बाजूला ठेवा. काउंट बेसी लावा. दोन आणि चारवर टाळी द्या. आणि खुर्चीतून उठा. तुमच्या खोलीत तरी पाटी लावलेली नाहीये.

भाग आवडला तर ज्या मित्राला नाचायची लाज वाटते त्याला आधी पाठवा. भेटूया पुढच्या भागात!